कंपनीचा संचालक वकिलाशिवाय कोर्टात उभा राहू शकतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समन्स आलं की फोन येतो, आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘केस अगदी साधी आहे हो, मीच जाऊन सांगतो जजसाहेबांना.’ छोट्या खासगी कंपन्यांचे ठराव, विवरणपत्रं, नोटिसा सांभाळणं हे माझं काम. कोर्टात बोलणं हे माझं काम नव्हे, पण बोलणाऱ्यांच्या शेजारी फाइल धरून बऱ्याच तारखा काढल्या आहेत. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळं भारतातल्या कायद्यापुरतं. बाहेरच्या देशांबद्दल एकच प्रश्न आहे.

आधी थोडक्यात सांगा. जाता येतं की नाही?

जाता येतं. कंपनीच्या वतीने सही करता येते, शपथेवर साक्ष देता येते. युक्तिवाद करण्याचा हक्क मात्र दिवाणी कोर्टात नाही. तिथे परवानगी मागावी लागते. काही न्यायाधिकरणांत तोही कायद्यानेच दिलेला आहे.

सही, साक्ष आणि युक्तिवाद ही तीन वेगळी कामं आहेत. संचालक ती एकच समजतात आणि घोळ तिथून सुरू होतो.

पण कंपनी माझीच आहे. मी आणि बायको, दोघंच भागधारक, दोघंच संचालक. मग मी ‘स्वतः पक्षकार’ का नाही?

कारण पक्षकार तुम्ही नाही, कंपनी आहे.

हा वाद जुना आहे. लंडनमध्ये सॉलोमन नावाचा एक बूट बनवणारा व्यापारी होता. त्याने धंद्याची कंपनी केली. एकूण २०,००७ शेअर, त्यातले २०,००१ त्याचे, उरलेले सहा बायको-मुलांचे, प्रत्येकी एक. कंपनी बुडाली तेव्हा धनको म्हणाले, हा सगळा देखावा आहे, पैसे सॉलोमननेच द्यावेत. १८९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की नाही, कंपनी वेगळी व्यक्ती आहे आणि सॉलोमन वेगळा. आपल्याकडे बाचा गझदर खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो.

याच भिंतीच्या भरवशावर तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड काढलीत. धंदा बसला तरी राहतं घर वाचावं म्हणून. आता कोर्टाच्या दारात ती भिंत आडवी आली की ‘कंपनी म्हणजे मीच’ म्हणता येत नाही. देणं निघालं तेव्हा कंपनी वेगळी आणि बोलायची वेळ आली तेव्हा कंपनी मीच, हे जमत नाही.

एक व्यक्ती कंपनीलाही हेच लागू. नावातच ‘एक व्यक्ती’ असली तरी ती व्यक्ती आणि कंपनी मिळून कायद्यात दोन होतात.

दिवाणी प्रक्रिया संहितेत ‘पक्षकार स्वतः, मान्यताप्राप्त अभिकर्ता किंवा वकील’ असं लिहिलं आहे ना?

लिहिलं आहे. आदेश ३ नियम १. पक्षकाराने कोर्टात करायची हजेरी, अर्ज किंवा कृती त्याने स्वतः करावी, मान्यताप्राप्त अभिकर्त्यामार्फत करावी किंवा वकिलामार्फत. नियम २ मध्ये कुलमुखत्यारपत्र असलेली व्यक्ती ही मान्यताप्राप्त अभिकर्ता ठरते. हे वाचून अनेक जण खूश होतात: कंपनीकडून माझ्याच नावाचं मुखत्यारपत्र करून घेतो आणि उभा राहतो.

इथे मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल आडवा येतो. अश्विन शंभुप्रसाद पटेल विरुद्ध नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, निकालसंग्रहातला क्रमांक एआयआर १९५५ मुंबई २६२. न्यायालयाने हजेरी, अर्ज आणि कृती हे शब्द एका बाजूला ठेवले आणि कोर्टापुढे बाजू मांडणं दुसऱ्या बाजूला. मान्यताप्राप्त अभिकर्ता अर्ज देईल, कागद दाखल करेल, तारखेला हजर राहील. पण कोर्टाने त्याचा युक्तिवाद ऐकावा असा हक्क त्याला या नियमाने मिळत नाही. तो हक्क पक्षकाराचा स्वतःचा असतो किंवा वकिलाचा.

वकील कायदा, १९६१ मध्येही तेच आहे. कलम २९ प्रमाणे वकिली करण्याचा हक्क फक्त अधिवक्त्यांच्या वर्गाला, आणि कलम ३३ प्रमाणे कोर्टात वकिली फक्त नोंदणीकृत अधिवक्त्यानेच करायची, दुसऱ्या एखाद्या कायद्यात वेगळं सांगितलं नसेल तर. हा शेवटचा ‘तर’ लक्षात ठेवा. न्यायाधिकरणांची दारं तिथूनच उघडतात.

मग परवानगी कशी मागायची?

वकील कायद्याच्या कलम ३२ खाली. अधिवक्ता नसलेल्या कोणत्याही व्यक्तीला एखाद्या विशिष्ट प्रकरणात हजर राहण्याची परवानगी कोर्ट देऊ शकतं. ‘विशिष्ट प्रकरणात’, म्हणजे एकदा मिळाली म्हणून कंपनीच्या साऱ्या दाव्यांत चालणार नाही.

हरिशंकर रस्तोगी विरुद्ध गिरधारी शर्मा (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. वकील नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वतीने उभं राहण्याचा हक्क नाही, त्याने आधी परवानगी घ्यावी. आणि ती मागणी पक्षकाराकडून यावी. टी. सी. मथाई (१९९९) प्रकरणात फौजदारी कामातल्या मुखत्यारालाही हेच ऐकावं लागलं.

व्यवहारात सांगायचं तर अर्ज कंपनीच्या नावाने करा, संचालक मंडळाचा ठराव जोडा आणि वकील का लावत नाही ते सरळ लिहा. पैसे नाहीत तर पैसे नाहीत म्हणा. ‘माझा वकिलांवर विश्वास नाही’ हे वाक्य मी एका अर्जात वाचलं आहे. समोरच्या वकिलाने ते भर कोर्टात दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं.

परवानगी मिळेल का? कोर्टाच्या मर्जीचा भाग आहे. छोट्या रकमेचा, कागदावर उभा असलेला दावा आणि नीट बोलणारा संचालक असेल तर शक्यता बरी. साक्षीपुरावा लांबणार असेल तर न्यायाधीश बहुधा म्हणतील, वकील द्या. माझं मत विचाराल तर या परवानगीसाठी तीन तारखा भांडण्यापेक्षा तोच वेळ ठराव आणि साक्षीच्या तयारीला द्यावा. ती दोन्ही कामं हक्काने तुमची आहेत आणि बहुतेक दावे तिथेच फिरतात.

दाव्यावर किंवा कैफियतीवर (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरावर) सही कोणी करायची?

आदेश २९ नियम १: कंपनीचा सचिव, कोणताही संचालक किंवा अन्य प्रमुख अधिकारी, ज्याला प्रकरणातल्या वस्तुस्थितीची माहिती आहे असा. सही आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याची ग्वाही) दोन्ही. इथे संचालकाला कोणाची परवानगी लागत नाही. न्यायालयाला वाटलं तर नियम ३ प्रमाणे ते संचालकाला जातीने हजर राहायलाही सांगू शकतं, तेव्हा ‘वकील बघतील’ म्हणून गावाला जाऊ नये.

सही करणाऱ्याचा अधिकार सिद्ध झाला नाही म्हणून दावा बुडतो का? युनायटेड बँक ऑफ इंडिया विरुद्ध नरेश कुमार (१९९६) मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कार्यपद्धतीतल्या चुकीने खरा हक्क मारला जाऊ नये. कंपनी अशा सहीला मागाहूनही संमती देऊ शकते, आणि ती संमती वागणुकीवरूनही दिसू शकते. दिलासा मोठा आहे. पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मिळाला, हे विसरू नका.

ठरावात नेमकं काय असावं?

बैठकीची तारीख, दाव्याचा तपशील, अधिकार दिलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव आणि पद, आणि कामांची यादी: सही, सत्यापन, कागद दाखल करणं, वकील नेमणं, साक्ष देणं, तडजोड करणं, रक्कम स्वीकारणं. तडजोडीचा अधिकार हमखास राहतो. मग लोकअदालतीत समोरचा धनादेश घेऊन बसलेला असतो आणि आपला माणूस ‘बोर्डाला विचारून सांगतो’ म्हणतो.

आता एक पाहिलेली गोष्ट. वसुलीचा दावा, संचालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. त्यांचं सरतपासणीचं शपथपत्र चोख. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत पहिलाच कागद उचलला, ठरावाची प्रत.

‘हा ठराव तुम्हाला अधिकार देतो?’
‘हो.’
‘खरी प्रत म्हणून खाली सही कोणाची?’
‘माझीच.’
‘बैठकीचं इतिवृत्त आणलंय?’
‘ऑफिसात आहे.’
‘बैठकीला आणखी कोण होतं?’

संचालक थांबले. दुसरी संचालक त्यांची आई, आणि ठरावावरच्या तारखेला त्या हॉस्पिटलात होत्या. दावा काही यावर फेटाळला गेला नाही, पण पुढची वीस मिनिटं ज्या अडखळत्या सुरात गेली त्याने बाकीच्या साक्षीचंही वजन उतरलं. तेव्हापासून मी एकच हट्ट धरतो: ज्याला अधिकार दिला त्याने स्वतःच्या ठरावाची प्रत प्रमाणित करायची नाही. दुसऱ्या संचालकाने किंवा कंपनी सचिवाने करायची. आणि इतिवृत्ताची वही सोबत न्यायची.

संचालकाने साक्ष द्यायची की हिशेबनिसाने?

ज्याने व्यवहार डोळ्यांनी पाहिला त्याने. माल कोणी दिला, चलनावर सही कोणी घेतली, फोनवर ‘पुढच्या आठवड्यात देतो’ कोणी ऐकलं, हे त्या माणसाच्याच तोंडून यायला हवं. जानकी भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक, (२००५) २ एससीसी २१७, यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुखत्यार स्वतः केलेल्या कृतींबद्दल साक्ष देऊ शकतो. पण जे फक्त मूळ माणसाला ठाऊक आहे त्याबद्दल मूळ माणसाच्या जागी बोलू शकत नाही. कंपनीच्या कामातही हे लक्षात ठेवा. फॅक्टरीत कधी न फिरकलेल्या संचालकाला मालाच्या प्रतीबद्दल बोलायला पाठवू नका.

ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, टॅलीचे खातेउतारे द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हे ६५ब होतं. नव्या नमुन्याला दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा. शेवटच्या दिवशी धावाधाव होते ती याचीच.

भाच्याला कुलमुखत्यारपत्र देऊन पाठवलं तर? बोलायला चांगला आहे.

भाचा तारखेला हजर राहील, अर्ज देईल. युक्तिवादाला त्यालाही कलम ३२ ची परवानगी लागेल. आणि तो असे दहा जणांचे मुखत्यारपत्र घेऊन फी लावून फिरू लागला तर वकील कायद्याच्या कलम ४५ मध्ये बेकायदा वकिलीला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

चेक बाऊन्सच्या केसमध्ये काय?

आधी बघा, कंपनी कुठल्या बाजूला आहे.

कंपनी फिर्यादी असेल तर तिच्या वतीने कोणी हाडामांसाचा माणूस हजर लागतो. अधिकारपत्रात काही उणीव असली म्हणून फिर्याद सुरुवातीलाच फेकून देऊ नये, योग्य माणूस नंतरही पाठवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एमएमटीसी विरुद्ध मेडचल केमिकल्स या निकालात म्हटलं आहे. ए. सी. नारायणन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने मात्र एक अट घट्ट केली: मुखत्यारामार्फत फिर्याद चालेल, पण त्याला व्यवहाराची माहिती आहे हे फिर्यादीतच लिहिलेलं हवं. मुदती विसरू नका: चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, आणि ते न भरल्यास पुढे एका महिन्यात फिर्याद. तारखेला कोणीच गेलं नाही तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. वकील आजारी पडला तरी ठराव घेऊन संचालकाने जायलाच हवं.

कंपनी आरोपी असेल तर गंमत वेगळी. चेकच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख कायदा) कलम १४१ मुळे बहुतेक वेळा आरोपी क्रमांक १ कंपनी आणि क्रमांक २ तुम्ही. अनीता हाडा (२०१२) निकालानुसार कंपनीला आरोपी केल्याशिवाय संचालकावर या कलमाखाली खटला चालत नाही, म्हणून दोन्ही नावं असतातच. आरोपी क्रमांक २ म्हणून तुम्ही स्वतःचा बचाव स्वतः मांडू शकता. तुम्ही माणूस आहात. आरोपी क्रमांक १ साठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४२ प्रमाणे (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३०५) कंपनी एक प्रतिनिधी नेमते, आणि आरोपीच्या समक्ष करायच्या गोष्टी त्याच्या समक्ष होतात. तो प्रतिनिधी तुम्हीच असू शकता. पुकारा एकदाच होतो, पण तुम्ही दोन आरोपींच्या जागी उभे असता. एकाने गुन्हा कबूल केला म्हणजे दुसऱ्याचंही झालं असं समजू नका.

वकील लागतच नाही अशी ठिकाणं कोणती?

बरीच आहेत, आणि संचालकांना ती माहीत नसतात. अंगातली खुमखुमी इथे जिरवावी.

राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी: कंपनी कायदा, २०१३, कलम ४३२. पक्षकार स्वतः, सनदी लेखापाल, कंपनी सचिव, परिव्यय लेखापाल, वकील ‘किंवा अन्य कोणतीही व्यक्ती’. अधिकृत केलेला संचालक यात सरळ बसतो. अपील न्यायाधिकरणालाही हेच कलम लागू.

कर्जवसुली न्यायाधिकरण: त्याच्या १९९३ च्या कायद्याचं कलम २३. प्रतिवादी कंपनी आपल्या अधिकाऱ्याला बाजू मांडायला अधिकृत करू शकते. बँकेच्या बाजूनेही तिचा अधिकारी उभा राहू शकतो.

रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांचं नियामक प्राधिकरण: त्याच्या कायद्याचं कलम ५६, ‘त्याचा कोणताही अधिकारी’. छोट्या विकासकांचे संचालक इथे स्वतः येतात आणि नकाशे उलगडून बोलतात, वकिलापेक्षा बरं बोलतात.

आयकर आणि जीएसटीमध्ये अधिकृत प्रतिनिधीची यादी लांब आहे. जीएसटीत (केंद्रीय कायद्याचं कलम ११६) नियमित कर्मचारीही चालतो. कायदेशीर मुद्दा असेल तर सीए किंवा वकील न्या, आकड्यांचा वाद असेल तर हिशेबनीस पुरतो.

कामगारांच्या वादात तर उलटी गंमत होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक संबंध संहिता लागू झाली; त्याआधीच्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ३६ ने समेटाच्या कामात वकिलाला बंदीच घातली होती, आणि न्यायाधिकरणात समोरच्याची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी असेल तरच वकील चालायचा. कामगारापुढे मालकाने वकिलांची फौज उभी करू नये हा हेतू. म्हणजे ‘मला वकील नको’ म्हणणाऱ्या संचालकाला कायदाच सांगायचा, बरं, मग ये आणि तूच बोल. तिथे मात्र बरेच जण वकील शोधत फिरायचे.

लवादात वकिलाची सक्ती नाही.

ग्राहक आयोगात कंपनीच्या वतीने मी बोलू शकतो?

हो. वकील नसलेल्या प्रतिनिधीने ग्राहक मंचात उभं राहावं की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, सी. व्यंकटाचलम विरुद्ध अजितकुमार शाह (२०११) मध्ये न्यायालयाने परवानगीच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१४ मध्ये अशा प्रतिनिधींसाठी विनियमही आले. कंपनी तक्रारदार असेल तर आधी हे तपासा की खरेदी ‘व्यापारी प्रयोजनासाठी’ नव्हती ना. तसं असेल तर तक्रार दारातच अडते, मग बोलणारा कोणीही असो.

व्यापारी न्यायालयात दावा आलाय. वकील शोधायला वेळ आहे का?

कमी. तीन लाख रुपये किंवा त्याहून जास्त मूल्याचा व्यापारी वाद या न्यायालयात जातो. कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर १२० दिवसांत. १२० नंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स (२०१९) निकालाने इथे कसलीही सवलत ठेवली नाही. साध्या दिवाणी दाव्यात ३० आणि ९० दिवस असतात आणि न्यायाधीश थोडं सैल सोडतात, त्या सवयीवर इथे जाऊ नका.

दावा तुम्ही करणार असाल आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे (कलम १२अ, पाटील ऑटोमेशन, २०२२). त्या मध्यस्थीला स्वतः जा. मालाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिथे कायद्याच्या कलमांपेक्षा तीच जास्त चालते.

आदेश ३७ चा संक्षिप्त दावा असेल तर तर आणखी घाई: हजेरी १० दिवसांत नोंदवायची. मी एका कंपनीचा अकरावा दिवस पाहिला आहे. ‘रविवार धरतात का हो?’ असा तो फोन होता.

उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय?

तिथे माणसालाही स्वतः उभं राहायला आधी चाळणीतून जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्वतः बाजू मांडणाऱ्या पक्षकारांसाठी नियम केले. पक्षकार कोर्टाला मदत होईल असं बोलू शकतो का, हे आधी पाहिलं जातं. सर्वोच्च न्यायालयात कागद दाखल करण्याचं काम फक्त ‘अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ करतो, नेहमीचा वकीलसुद्धा नाही. स्वतः यायचं तर अर्ज करून रजिस्ट्रारसमोर बोलावं लागतं. कंपनीने इथे वकिलाशिवाय जाऊ नये. यावर मला दुसरं मत ऐकायचंही नाही.

मी संचालक आहे आणि माझ्याकडे वकिलीची सनदही आहे. आता तरी?

आता तर जास्तच अडचण. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे अधिवक्ता संचालक राहू शकतो, पण कामकाज पाहणारा नाही. व्यवस्थापकीय संचालक किंवा कंपनी सचिव तर नाहीच. आणि ज्या संस्थेच्या सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या मंडळावर तो आहे, तिच्या बाजूने किंवा विरुद्ध त्याने कोर्टात उभं राहू नये असाही नियम आहे. पगारी पूर्णवेळ विधी अधिकाऱ्यालाही नोकरीत असताना वकिली करता येत नाही. एकाच माणसाने साक्षीदार आणि वकील दोन्ही व्हायचं नसतं, हे तर आहेच.

माझी कंपनी नाही, प्रोप्रायटरशिप आहे.

मग हे सगळं सोडा. प्रोप्रायटरशिप म्हणजे तुम्हीच. स्वतः उभे राहा. भागीदारी संस्थेसाठी आदेश ३० पाहा; तिथे भागीदार स्वतः पक्षकार असतात. एलएलपी मात्र कंपनीसारखीच वेगळी व्यक्ती.

कंपनी दिवाळखोरीत गेली. तरी मी तिच्यासाठी अपील करू शकतो?

कंपनीच्या नावाने नाही. अंतरिम व्यावसायिक (कंपनीचा कारभार हाती घेणारा) नेमला गेला की दिवाळखोरी संहितेच्या कलम १७ प्रमाणे संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कंपनीच्या वतीने तोच बोलतो. इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक या गाजलेल्या खटल्यात हेच झालं: जुन्या व्यवस्थापनाने कंपनीच्या नावाने केलेलं अपील चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. तुम्ही स्वतः नाराज पक्ष म्हणून, स्वतःच्या नावाने अपील करा. गंमत म्हणजे तेव्हा तुम्ही माणूस म्हणून उभे असता, आणि आपली बाजू आपण मांडायचा हक्क परत येतो.

वकिलाने ऐन वेळी वकीलपत्र काढून घेतलं. तारीख उद्या आहे.

जा. ठराव, आधारकार्ड, फाइल घेऊन कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) लागायच्या आधी पोहोचा. पुकारा झाला की पुढे होऊन कंपनीचं नाव आणि आपलं पद सांगा, आणि वकील नेमण्यासाठी मुदतीचा लेखी अर्ज द्या. हजेरी आणि अर्ज यांना आदेश ३ मध्ये जागा आहे. मुदत मागणाऱ्या संचालकाला न्यायाधीश ऐकतात, हे मी वारंवार पाहिलंय. गुणदोषांवर बोलायला लागू नका. त्या दिवशी तुमचं काम एवढंच की रोजनाम्यात ‘प्रतिवादी गैरहजर’ लिहिलं जाऊ नये. तसं लिहिलं गेलं आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत, सबळ कारणासह, आणि बहुधा खर्च भरून.

कंपनीला मोफत वकील मिळतो का?

नाही म्हणून चाला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मधली यादी स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमाती, कामगार, कोठडीतले लोक, अल्प उत्पन्न असलेले अशा माणसांची आहे.

बाहेरच्या देशांत काय चालतं?

अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांत वकिलाशिवाय कंपनी उभीच राहू शकत नाही. रोलंड विरुद्ध कॅलिफोर्निया मेन्स कॉलनी (१९९३) मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलं. आयर्लंडमध्ये १९६८ च्या बॅटल निकालाने व्यवस्थापकीय संचालकालाही नाही म्हटलं. इंग्लंड मवाळ आहे: तिथल्या दिवाणी नियम ३९.६ प्रमाणे अधिकृत कर्मचारी न्यायालयाच्या परवानगीने कंपनीची बाजू मांडू शकतो. आपली कलम ३२ ची वाट इंग्लंडच्या जवळची आहे.

तडजोडीला बसायचं तर कोण हवं?

ज्याला आकडा ठरवता येतो तो. लोकअदालतीतला निवाडा हुकूमनाम्याइतकाच असतो आणि त्यावर अपील नाही (१९८७ च्याच कायद्याचं कलम २१), म्हणून पॅनेल आधी अधिकारपत्र मागतं. वकील सोबत असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही. ठरावात किमान रक्कम लिहून ठेवा, पण तो कागद टेबलावर ठेवू नका. मी एकदा समोरच्याला तो उलटा वाचताना पाहिलं आहे, आणि त्या दिवशी त्याने त्या रकमेवर एक रुपयाही चढवला नाही.